तितराची हाक

तुम्ही तिथे होतात, साहेब. बाल्कनीत, अगदी पुढच्या कठड्याशी. पोट धरून हसत होतात. आणि नंतर ते हसणं तुम्ही गिळून टाकलंत, त्याच्यासोबत माझा भाऊही गिळलात. तुमचं नाव मला माहीत आहे. लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही नावावरून भांडाल आणि गोष्ट बाजूला राहील. म्हणून गोष्टच सांगते, पहिल्यापासून.

"ए बॅटऱ्या, वाकडं लावलंस!" थेटरचा मॅनेजर खालून ओरडला.

भाऊ शिडीवर होता. मी खाली खळीचा डबा धरून उभी. भावाचं नाव बॅटऱ्या. आमच्या पारध्यांत पोर जन्मताना जे समोर दिसेल ते नाव पडतं. हा जन्मला तेव्हा पोलीस आमच्या पालात बॅटरी मारत होते. त्यावर अजून लोक हसतात. हसू देत.

भाऊ तालुक्याच्या त्या एकुलत्या एक थेटरची पोस्टरं चिकटवायचा. मी शाळेत गेले नाही. दर शुक्रवारी नवं पोस्टर यायचं, त्यावर नवी अक्षरं. ती पुसता पुसता, खळ फासता फासता मी वाचायला लागले. आज हे लिहिते आहे ते त्याच खळीच्या डब्याच्या जिवावर.

त्या शुक्रवारचं पोस्टर मोठं होतं. इंग्रजी पिक्चर, हिंदीत बोलणारा. पाच जण ओळीने गजांमागे उभे. एकाच्या अंगावर लोखंडी खवले, एका बाईच्या केसांतून जाळ निघतोय, एक म्हातारा अर्धा भिंतीच्या आत आणि अर्धा बाहेर.

"मॅनेजरसाहेब, ह्यांनी काय केलंय?" भावाने वरून विचारलं.

"बदमाश आहेत सगळे. एक नंबरचे. सरकारच त्यांना जेलमधून काढतं. अवघड काम करून घ्यायचं, काम झालं की परत आत. मनगटात कडं घातलंय बघ. ऐकलं नाही की साहेब बटन दाबतो, कडं आवळतं."

भाऊ पोस्टरवर हात फिरवत हसला. "मंग हा तर आमचाच पिक्चर झाला. आमाला कडं दिसत न्हाई एवढंच."

मॅनेजरही हसला. मनाने वाईट नव्हता. म्हणाला, "रविवारी तीनच्या शोला ये. घरच्यांनाही आण. पुढच्या दोन रांगा रिकाम्याच असतात."

म्हणून आम्ही गेलो. भाऊ, भावजय लोचना, आई, मी आणि वस्तीवरची आणखी माणसं. आई आयुष्यात पहिल्यांदा थेटरात. दारातच तिने चपला काढून हातात घेतल्या. गेटवाल्याने तिकीट विचारलं नाही, मॅनेजरने लांबूनच मान हलवली. ती मान किती महागात पडणार होती, हे तेव्हा आम्हाला कुठून कळणार?

हॉल भरला होता. वर बाल्कनीत सरकारी माणसं, डॉक्टर, दुकानदार. मध्ये कॉलेजची पोरं. आणि पडद्याच्या नाकाशी आम्ही, माना वर करून.

पिक्चर सुरू झाला आणि गाव वेडं झालं. केसांतून जाळ काढणारी बाई आली की पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. खवल्यावाल्याने बँकेचं दार उपटलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, आपल्या सोसायटीचं बी उपट!" म्हातारा भिंतीतून शिरून पहारेकऱ्याचा डबा खाऊन आला, त्याला तर सगळ्या हॉलने टाळ्या दिल्या. पाचही जण चोर, खुनी, दरोडेखोर. त्यांनी नुसती मान वळवली तरी शिट्ट्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? वाटलं, ही माणसं चोराकडेही अशा नजरेने बघू शकतात तर.

इंटरव्हलला मी आईसाठी पाणी आणायला गेले. जिन्याच्या तोंडाशी एक चष्म्याचे गृहस्थ पांढऱ्या रुमालाने मुलीचं तोंड पुसत होते. झालरीचा फ्रॉक घातलेली छोटी मुलगी.

"बाबा, हे चोर चांगले आहेत का?"

"पिक्चरमध्ये," गृहस्थ म्हणाले.

ते तुम्ही होतात, साहेब. मी पाणी घेऊन बाजूने गेले, तेव्हा तुम्ही मुलीला स्वतःकडे ओढून घेतलंत. त्याचा मला राग नाही. तशी सवय आहे आम्हाला. मी फक्त सांगतेय की मी तुम्हाला जवळून बघितलं.

आता ते दृश्य. पाचही जणांनी सरकारचं काम केलं. शहर वाचवलं. दमून एका मोडक्या हॉटेलात बसले. जाळवाल्या बाईने बोटाने चहा तापवला, म्हातारा विनोद करायला लागला. आणि बाहेर, अंधारात, दिवे बंद करून एकामागून एक गाड्या येऊन थांबल्या. त्यांना उचलायला. हॉलला गाड्या दिसत होत्या, त्या पाच जणांना नव्हत्या.

भाऊ खुर्चीच्या टोकाला आला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

आमचा बाप तितरं धरायचा. फासे लावायचे आणि तितराच्या आवाजात हाक घालून पाखराला जवळ बोलवायचं, हा आमचा पिढ्यांचा धंदा. पुढे धंद्यावर बंदी आली, पण हाक राहिली. वस्तीकडे जीप येताना दिसली की पहिला बघणारा तितराची हाक घालतो. तुटक तुटक आणि शेवटी एक लांब. ती ऐकली की विचार करायचा नसतो. पोर उचलायचं आणि पळायचं.

भावाने तोंडाशी हात नेला आणि पडद्यावरच्या त्या पाच जणांना हाक घातली.

मीच पहिली उठले. मला आठवतं, लोचनाने शेजारणीचं पोर उचललं, तिचं स्वतःचं तर पोटात होतं. आई चपला हातात घेऊन पळत सुटली. दोन्ही रांगा एकदम उठून लोकांच्या गुडघ्यांवरून, पायांवरून दाराकडे. पडद्यावर आमच्या सावल्या पडल्या. कुणीतरी किंचाळलं, "आग लागली काय?" गेटवाल्याने घाबरून दिवे लावले.

दिवे लागले आणि आम्ही दिसलो. दाराला चिकटलेलो, धापा टाकत. आणि भाऊ एकटा पुढे पडद्यापाशी, तोंडाशी हात तसाच धरून.

सगळ्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग हॉल जो फुटला! असं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. "पोलीस पडद्यावर आले रे, पारधी दारातून पळाले!" माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मी वर पाहिलं. तुम्ही कठड्याशी उभे होतात. मुलीला दोन्ही हातांनी वर उचलून तिला आम्हाला दाखवत होतात.

भाऊही हसला. "घ्या, आमीच पिक्चर झालो," म्हणाला, आणि लाजून परत येऊन बसला. शेवटपर्यंत पिक्चर बघितला आम्ही.

त्याच दुपारी, पिक्चर चालू असताना, सराफाच्या घरी चोरी झाली. घरचे लग्नाला गेले होते. शेजाऱ्यांनी कोयंडा तुटलेला पाहिला तेव्हा अजून ऊन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी भावाला पालातून नेलं.

"मी थेटरात व्हतो साहेब. पुऱ्या गावाला इचारा," तो ओरडत होता.

"विचारतो ना," हवालदार म्हणाला. संध्याकाळी चांदीचं एक फुलपात्र आमच्या चुलीमागे सापडलं. ज्या पंचांसमोर सापडलं, ते दर वेळी त्याच ठाण्याच्या बाकावर बसलेले असतात.

मी घाबरले नव्हते. खरंच नव्हते. याआधी भाऊ दोनदा उचलला गेला होता, तेव्हा तो कुठे होता हे सांगायला आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आता सगळा हॉल होता. मला एक माणूस हवा होता. फक्त एक. कोर्टात उभं राहून म्हणणारा, की हो, तो तिथे होता, मी पाहिलं.

पहिल्यांदा मॅनेजरकडे गेले. त्याने खोलीचं दार लावून घेतलं.

"झुंबर, तुला सांगतो, मला वाईट वाटतंय. पण तुमची तिकिटं फाडली नव्हती. मी कोर्टात बोललो की करमणूक कराचा साहेब विचारणार, पुढच्या दोन रांगा फुकट कशा? रोज किती सोडतोस? माझं थेटर बंद पडेल."

"आन् माझा भाऊ?"

त्याने पंखा मोठा केला.

स्टँडसमोर चहाची गाडी होती, नामदेव ढवण्याची. तिथे रोज पिक्चरची चर्चा चालायची. कोण म्हणे जाळवाली झकास, कोण म्हणे दुसरा भाग निघणार. मी पोचले तेव्हा ढवणे गिऱ्हाइकांना आमचाच प्रसंग करून दाखवत होता. तोंडाशी हात नेऊन भावाची नक्कल, मग चपला हातात घेतलेली आई. मला पाहून थांबला.

"थांबू नका," मी म्हणाले. "हेच कोर्टात करून दाखवा."

"आगं, मी कुठं व्हतो थेटरात? मला तर लोकांनी सांगितलं."

"मग आईच्या हातात चपला होत्या हे कसं कळलं?"

गिऱ्हाइकं हसली. त्याने फडक्याने गाडी पुसायला घेतली. पुसलेली जागा परत पुसली.

गोसावी गुरुजी हायस्कुलात होते. माझ्या मामाने पळताना त्यांच्या पायावर पाय दिला होता, अंगठा सुजून काळा पडला होता. गुरुजींचं त्या पिक्चरबद्दल फार वाईट मत. "गुन्हेगारांना नायक करतात. पोरं बिघडतील अशाने," म्हणाले. मी म्हटलं, "गुरुजी, तुमच्या पायावर खूण आहे. माझ्या भावाने हाक घातली म्हणून ती झाली. एवढंच सांगा." गुरुजींनी अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "येईन. सत्य ते सत्य." मी पाया पडले. गावात एक तरी निघाला म्हणून रस्त्याने रडत गेले.

तारखेच्या आदल्या दिवशी गुरुजी मुलाकडे पुण्याला गेले. अंगठा दाखवायला, असं शेजारीण म्हणाली.

आणि सगळ्या गावात पोरं ती हाक घालत होती. गल्लीत, शाळेच्या मैदानात, माझी पाठ वळली की मागून. सगळ्यांनी ऐकली होती. कुणीच तिथे नव्हतं.

त्या तारखेला मी पहिल्यांदा कोर्टाच्या आत गेले. पट्टेवाला ओरडला, सगळे उठले, मीही उठले. समोरच्या उंच खुर्चीवर चष्म्याचे एक गृहस्थ येऊन बसले. खिशातून पांढरा रुमाल काढला, चष्मा पुसला.

माझा भाऊ चोर की नाही हे ठरवायला सरकारने तुम्हाला बसवलं होतं, साहेब.

बाहेर व्हरांड्यात भावाला बेड्यांसकट बसवलं होतं. मी त्याला सांगितलं. त्याच्या तोंडावर असा उजेड पडला, मला अजून दिसतो.

"म्हंजी सुटलोच की गं! साहेबानं सोताच्या डोळ्यानं बघितलंय!"

"पण ते बोलतील का?"

"न बोलून? आपल्या पंचायतीत काय असतं? ज्या पंचानं बघितलं तो आदुगर उठतो. सांगतो, मी बघितलं. मंग बाकीचे त्वांड उघडतात. हे तर केवढं मोठं कोर्ट!"

आमच्या जातपंचायतीला तुम्ही लोक रानटी म्हणता. आहेच ती काही बाबतींत, मी स्वतः तिच्याशी भांडले आहे. पण ज्याने बघितलं त्याने गप्प बसून निवाडा द्यायचा, ही रीत तिथे नाही.

सरकारने दिलेला वकील तरुण होता, कुलथे नावाचा. त्याला सांगितलं तर त्याचा रंग उडाला.

"बाई, हळू बोला. साहेबांनी स्वतः पाहिलं असेल तर ही केस त्यांनी चालवायचीच नसते. दुसऱ्या कोर्टाकडे द्यायची आणि तिथे साक्षीला उभं राहायचं. कायदाच आहे तसा."

"मग तसा अर्ज द्या ना."

"मी? मी म्हणू, साहेब, तुम्ही चोरांच्या पिक्चरला गेला होतात आणि आरोपीला बघून हसलात?" त्याने डोक्याला हात लावला. "मला याच कोर्टात जन्म काढायचाय हो. त्यांना आठवत असेल तर ते स्वतःच सांगतील. साहेब सरळ आहेत. थांबा."

थांबलो आम्ही. मध्ये लोचनाला मुलगी झाली. बाप आत, म्हणून बारसंही थांबलं. प्रत्येक तारखेला मी तुमच्या तोंडाकडे बघायचे. आज बोलतील. आज बोलतील. तुम्ही भावाकडे कधी बघायचा नाहीत. कागदाकडे बघायचात, खिडकीकडे, पंख्याकडे. एकदाही त्याच्याकडे नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शेवटी तुम्हाला विचारावंच लागलं. "आरोपीला काही सांगायचं आहे का?"

पिंजऱ्यातून भाऊ म्हणाला, "मी थेटरात व्हतो, साहेब. पुऱ्या गावानं मला ऐकलं."

सरकारी वकील उठला. "गावातला एकही माणूस तसं सांगायला आलेला नाही. थिएटरचा मॅनेजरसुद्धा नाही. काय ऐकलं गावाने? गाणं म्हटलंस?"

लोक हसले. भाऊ तुमच्याकडे बघत राहिला. तो तुम्हाला आठवण करून देत होता, साहेब, एवढंच. त्याला वाटलं, एवढी माणसं, एवढ्या केसेस, विसरले असतील बिचारे.

त्याने बेडीसकट हात तोंडाशी नेला आणि हाक घातली.

मागच्या बाकावर आई होती, मामा होता, बाळाला घेऊन लोचना होती. सगळे उठले आणि पळाले. ठरवून नाही. शपथेवर सांगते, ठरवून नाही. आई पुन्हा चपला हातात घेऊन. दारातल्या शिपायांनी त्यांना धरलं. कोर्ट खदखदून हसलं, टायपिस्ट हसला, सरकारी वकील हसला. आणि तुम्ही पांढरा रुमाल तोंडाला लावलात. तुमचे खांदे हलत होते. तेच खांदे, तेच हसणं.

मी उभी राहिले. "साहेब! तुम्ही होतात की! बाल्कनीत! तुमच्या मुलीला उचलून आम्हाला दाखवत होतात! सांगा ना, साहेब!"

कुलथे वकिलाने मान खाली घातली. तुम्ही रुमालाची घडी केलीत, खिशात ठेवलीत. टेबलावरचा पेपरवेट उचललात आणि थोडा पलीकडे ठेवलात.

"ह्या बाईला बाहेर काढा," म्हणालात.

निकालाच्या दिवशी मला आत येऊ दिलं नाही. मी खिडकीखाली उभी होते. तुमचा आवाज स्वच्छ येत होता. चांदीचं फुलपात्र, पंच, सगळं वाचून झालं आणि मग तुम्ही वाचलंत: आरोपीने भर न्यायालयात सांकेतिक आवाज काढला. तो ऐकताच त्याचे साथीदार एकाच वेळी पळू लागले. आरोपी संघटित टोळीत वावरणारा आणि इशाऱ्यांवर काम करणारा गुन्हेगार आहे हे न्यायालयाने स्वतः पाहिले आहे.

स्वतः पाहिले आहे. हे शब्द तुम्हाला येत होते, साहेब. लागले तेव्हा सापडले.

भाऊ शिक्षा भोगून आला. मुलगी चालायला लागली होती, ती त्याला बघून लोचनाच्या मागे लपली. पोस्टरचं काम गेलं होतं. थेटरात त्या पिक्चरचा दुसरा भाग लागला, गावाने पुन्हा शिट्ट्या मारल्या. भाऊ तिकडून जायचा नाही.

मग एका पहाटे तो पालाबाहेर शेकत बसला होता. जीप वळणावर असतानाच त्याला दिसली असणार. तिथून सगळंच दिसतं. आम्ही आत गाढ झोपलेलो. जाग आली ती बुटांच्या लाथेने. त्याला आणि मामाला गाडीत कोंबलं.

मी गाडीमागे पळत ओरडले, "दादा, हाक का नाही घातलीस?"

तो जाळीतून म्हणाला, "ती आता आपली न्हाई राहिली, झुंबरे. त्यांच्या कागदात गेली."

मामा आला परत. भाऊ आला नाही. आजारी होता म्हणाले, दवाखान्यात नेता नेता गेला म्हणाले. आम्हाला तोंडही नीट बघू दिलं नाही.

वस्तीवर आता कुणी तितराची हाक घालत नाही. भावाची मुलगी विचारते, माझा बाप कसा होता? मी सांगते, तो पडद्यावरच्या खोट्या चोरांनासुद्धा वाचवायला गेला होता. तिला पटत नाही. म्हणते, कुणी बघितलं?

तुमचीही मुलगी मोठी झाली असेल, साहेब. हे छापून आलं तर वाचेलही. तिला आठवत असेल दिवे लागलेले, दाराशी चिकटलेली माणसं, आणि आपल्याला उंच धरणारे बाबांचे हात. ती विचारेल. तिच्यासमोर सरकवायला पेपरवेट नसेल.

मला नका सांगू. शिक्षा मागे घ्या असंही म्हणत नाही, घेऊन करणार काय? माझ्या भाचीला सांगा, नाहीतर तुमच्या मुलीला सांगा, पण एकदा तोंडाने सांगा. त्या रविवारी, तीनच्या शोला, बाल्कनीत, तुम्ही होतात की नव्हतात?